युक्काचा पतंग आणि त्याचा तोतया

एखाद्या प्राण्याला नांव देणें आणि त्याची खरी ओळख पटणें, या दोन गोष्टी एक नव्हेत. उत्तर अमेरिकेंतील एका लहानशा पांढऱ्या पतंगाचा इतिहास या दृष्टीनें मोठा उद्बोधक आहे.

युक्का ही आपल्याकडे कुंपणाला लावतात त्या घायपाताची आप्त. तरवारीसारखीं टोंकदार पानें आणि मधल्या उंच दांड्यावर लोंबणारीं घंटेसारखीं पांढरीं फुलें, असें तिचें रूप. शोभेसाठीं ती युरोपांतील बागांत नेण्यांत आली. तेथें फुलें भरपूर येत, परंतु फळ मात्र धरत नसे.

या कोड्याची उकल सेंट लुई शहरांत झाली. तेथें जॉर्ज एंगेलमान नांवाचे जर्मनींत जन्मलेले डॉक्टर वैद्यकी सांभाळून वनस्पतिशास्त्राचा व्यासंग करीत. युक्काचा पराग चिकट असतो. तो आपोआप कुक्षीच्या पोकळींत जाऊं शकत नाहीं. अर्थात् कोणत्या तरी कीटकाचें साह्य हवें, हें १८७२ सालीं त्यांनीं ताडलें. त्या कीटकाचा छडा लावण्याचें काम मिसूरी संस्थानचे सरकारी कीटकशास्त्रज्ञ चार्ल्स व्हॅलेंटाइन रायली यांनीं अंगावर घेतलें.

रायलींनीं रात्रीं फुलांपाशीं बसून जें पाहिलें तें विलक्षण होतें. मादीच्या मुखाशीं दोन वांकड्या सोंडा असतात. त्यांनीं ती पराग गोळा करून त्याची गोळी मानेखालीं धरते आणि दुसऱ्या फुलावर जाते. तेथें बीजकोशांत अंडें घालून ती वर चढते आणि तो पराग कुक्षींत दाबून बसविते. फळ धरतें, अळ्या कांहीं बिया खातात, उरलेल्या झाडाच्या वंशासाठीं राहतात. पुढें अळी जमिनींत उतरून कोश करते. मधाच्या लोभानें आलेल्या माशीच्या अंगाला पराग सहज चिकटतो. येथें तसें नव्हतें. रायलींनीं या पतंगाला ‘प्रोनूबा’ म्हटलें. विवाहसमयीं वधूबरोबर राहणाऱ्या रोमन सुवासिनीला हें नांव असे. पुढें तें मागें पडून ‘टेजेटिक्युला’ हें नांव रूढ झालें.

परागवहनाचें इतकें आश्चर्यकारक उदाहरण आजवर प्रसिद्ध झालें नव्हतें, असा अभिप्राय चार्ल्स डार्विन यांनीं १८७४ सालीं एका पत्रांत दिला. परंतु अमेरिकेंतच शंका उठली. केंटकीचे पतंग-अभ्यासक चेंबर्स यांना युक्कावर मिळालेले पतंग रायलींच्या वर्णनाशीं जुळेनात. आतां रायलींच्या साऱ्या निरीक्षणाचीच पत पणाला लागली.

रायली पुन्हां युक्काकडे वळले. उत्तर १८८० सालीं मिळालें: पतंग एक नसून दोन होते! दुसराही तसाच पांढरा, त्याच झाडावर वावरणारा. पण त्याच्या मादीला सोंडा नाहींत, म्हणून पराग नेण्याची शक्तिही नाहीं. त्याच्या अळ्या फुलांच्या दांड्यांत वाढतात. रायलींनीं या तोतयाचें नांव ‘प्रोडॉक्सस डेसिपिएन्स’ असें ठेविलें; त्यांतील उत्तरपदाचा अर्थ ‘फसविणारा’. चेंबर्स यांची नजर खोटी नव्हती आणि रायलींचें वर्णनही खोटें नव्हतें. दोघांच्या हातीं निरनिराळे प्राणी होते.

गोष्ट येथें संपली नाहीं. रायलींनीं ज्याला एक जाति मानलें, त्या खऱ्या पतंगांतही अनेक जाती दडल्या होत्या. १९९९ सालीं ऑले पेलमिर यांनीं त्यांची छाननी करून त्या समूहांत १३ जाती दाखविल्या. त्यांतल्या कांहीं तर परागवाहकांच्याच वंशांतल्या असूनही पराग नेत नाहींत. दुसऱ्यांच्या श्रमानें धरलेल्या फळांत त्या आयतीं अंडीं घालतात.

तोतया शेवटीं घरांतच निघाला! एका शंकेचा राग न मानतां पुन्हां फुलापाशीं जाऊन बसणाऱ्या रायलींनीं या शोधाची वाट मोकळी केली होती.