कॅथलिक माध्यमिक शाळा (विरार–नंदाखाल परिसर) : विद्यार्थिकल्याण व समाजजीवन

विरारच्या पश्चिमेस नंदाखाल, आगाशी या पट्ट्यात आणि एकूणच वसई तालुक्यात चर्चच्या आवारात किंवा त्याच्या आधाराने वाढलेल्या माध्यमिक शाळा. स्थानिक बोलण्यात ‘फादरची शाळा’ किंवा ‘सिस्टरची शाळा’. या शाळांतील मुलांची देखभाल दीर्घकाळ एकट्या शाळेने केली नाही. धर्मग्राम (चर्चचे कार्यक्षेत्र), वाडी, नातेवाईक आणि वर्गशिक्षक यांनी ती मिळून केली. त्या व्यवस्थेचे गुण आणि तिची अडचण दोन्ही एकाच गोष्टीत आहेत : इथे सगळे सगळ्यांना ओळखत.

पार्श्वभूमी : १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली. सत्ता गेली, पण धर्मग्रामे टिकली. नंदाखालच्या पवित्र आत्म्याच्या चर्चची स्थापना १५७३ सालची सांगतात. सामवेदी ख्रिस्ती (कुपारी), वाडवळ, कोळी अशा समाजांची बोली, पेहराव आणि लग्नविधी वेगवेगळे असले, तरी रविवारच्या मिस्सेला (सामुदायिक उपासनेला) सारे एका छपराखाली येत. हा भाग पूर्वी मुंबईच्या महाधर्मप्रांतात होता. २२ मे १९९८ रोजी वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि थॉमस डाबरे पहिले बिशप झाले. नंदाखालच्या संत जोसेफ मराठी हायस्कूलचे सर्वपरिचित माजी विद्यार्थी म्हणजे फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२–२०२४) : ‘सुवार्ता’ मासिकाचे दीर्घकाळ संपादक, हरित वसई या पर्यावरण चळवळीचे नेते आणि २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. मराठी माध्यमाच्या गावशाळेतून हे घडले, याचा उल्लेख आज इंग्रजी माध्यमाकडे वळलेल्या पालकांपुढे आवर्जून करावा लागतो.

जुनी व्यवस्था : शेतकरी घरातले मूल केळीच्या किंवा फुलांच्या वाडीतले काम उरकून शाळेत येई. घरी कादोडी ही कुपारी बोली, शाळेत प्रमाण मराठी आणि प्रार्थनेत ग्रांथिक मराठी, अशा तीन थरांत ते सहज वावरे. चार दिवस गैरहजर राहिले, तर शिक्षकाला कारण विचारायला चिठ्ठी पाठवावी लागत नसे. आजीला बाजारात गाठले की काम होई. फी थकली, वह्या नाहीत, बाप दारूत बुडालेला, या गोष्टी धर्मगुरूंच्या कानावर आपसूक जात आणि मदत गाजावाजा न होता पोचे.

याची दुसरी बाजू कमी सांगितली जाते. आठवीत नापास झालेल्या मुलाची बातमी रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या अंगणात फिरलेली असे. मारकुट्या शिक्षकाविरुद्ध बोलायचे कोणाकडे, तर बहुधा त्याच्याच नातलगाकडे. मुलीच्या मनातली घालमेल सिस्टरला सांगावी, तर सिस्टर आईच्या ओळखीच्या. गुपित ठेवायला जागाच नव्हती, आणि धाक हीच शिस्त मानणाऱ्या काळात त्याची किंमत मुलांनीच मोजली.

धोरण : कॅथलिक शिक्षणविचारात धाकाला पर्याय जुनाच आहे. डॉन बॉस्को यांनी १८७७ मध्ये मांडलेली प्रतिबंधक पद्धती शिक्षेऐवजी समज, धर्म आणि माया यांवर उभी आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६५ च्या शिक्षणविषयक घोषणापत्राने शाळेत स्वातंत्र्य आणि प्रेमाचे वातावरण असावे असे म्हटले. भारतीय बिशपांच्या परिषदेने २००७ मध्ये अखिल भारतीय शिक्षण धोरण काढले आणि एप्रिल २०२४ मध्ये शाळांना सूचना केल्या : अन्य धर्मीय मुलांवर ख्रिस्ती प्रथा लादू नयेत, परिपाठात संविधानाची उद्देशिका म्हणावी. राज्यघटनेच्या कलम ३० नुसार अल्पसंख्याकांना संस्था चालविण्याचा अधिकार आहे. कलम २८(३) नुसार अनुदानित संस्थेत पालकाच्या संमतीवाचून अल्पवयीन मुलाला धर्मशिक्षण देता येत नाही. म्हणून ख्रिस्ती मुलांना धर्मशिक्षण आणि इतरांना त्याच वेळी मूल्यशिक्षण, अशी विभागणी रूढ झाली. ती तासापुरतीच, मधल्या सुट्टीत डबे एकत्रच उघडतात.

बदल : १८६७ मध्ये विरारहून मुंबईला रेल्वे सुरू झाली, १९३६ मध्ये विजेची गाडी आली, पण वस्ती फुगली ती त्यानंतर बऱ्याच काळाने. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या बारा लाखांवर गेली होती. आता बाकावर कुपारी मुलाशेजारी कोकणातून आलेले, गुजराती किंवा हिंदी बोलणारे मूल बसते. त्याचे आईवडील पहाटेच्या विरार लोकलने निघतात आणि रात्री परततात. पालक-शिक्षक संघाची सभा कधी घ्यायची, हा साधा प्रश्न या शाळांत अवघड झाला आहे : रविवारी मिस्सेनंतर घेतली तर इतरांना खास बाहेर पडावे लागते, शनिवारी घेतली तर कारखान्यातला बाप येत नाही. शाळा सुटल्यावर रिकाम्या घरी जाणाऱ्या मुलाकडे लक्ष देणारी आजी गावी राहिलेली असते.

सध्याची यंत्रणा : अनुदानित शाळांत आठवीपर्यंत पोषण आहार मिळतो, नववी-दहावीच्या मुलांना मात्र नाही, जरी भूक त्याच वयात वाढते. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार लैंगिक अत्याचाराची खबर पोलिसांना देणे बंधनकारक असून ‘आपसांत मिटवू’ ही गावरीत त्यापुढे चालत नाही. २०२२ पासून राज्यात विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत सखी-सावित्री समिती नेमण्याची सूचना आहे. तक्रारपेटीही आवश्यक, पण ती मुख्याध्यापकांच्या दालनाबाहेर, शिपायाच्या स्टुलाच्या वर टांगली, तर तिच्यात चिठ्ठी पडत नाही. जिन्याच्या वळणावर लावली की पडते. मानसिक आरोग्यासाठी टेली-मानस (१४४१६) आणि चाइल्ड हेल्पलाइन (१०९८) हे क्रमांक भिंतीवर लिहिलेले असतात. मुलांपर्यंत ते किती पोचले हे वर्गशिक्षकावर ठरते.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी निदान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा असे निर्देश दिले. धर्मगुरू किंवा सिस्टर हे काम आपुलकीने करतात, पण शाळेचा व्यवस्थापक आणि मुलाचा विश्वासू एकच असणे बरे नव्हे. या पट्ट्यात तर समुपदेशक बाहेरगावचाच हवा : ज्याला मुलाचे आडनाव ऐकून त्याची वाडी कळणार नाही.

उत्सव व उपक्रम : नाताळचा गोठा, क्रीडादिन आणि वार्षिक संमेलन ही वर्षाची मुख्य पर्वे. गोठा बांधताना गवत, बांबू आणि दिव्यांच्या वायरी गोळा करण्यात सर्व धर्मांची मुले असतात, आणि अभ्यासात मागे पडणारा मुलगा तिथे हमखास पुढारी होतो. संत जोसेफ यांचा १९ मार्चचा सण मात्र दहावीच्या मुलांच्या वाट्याला फारसा येत नसे. त्यांचे लक्ष शालान्त परीक्षेकडे लागलेले असे. हरित वसई चळवळीमुळे बावखले (गावतळी), विहिरी आणि झाडे हे विषय शाळेच्या प्रकल्पांत स्वाभाविकपणे आले. ज्या मुलांच्या घराजवळची बावखले बुजून इमारती उभ्या राहिल्या, त्यांना ते पाठ्यपुस्तकातून शिकावे लागत नाहीत.