तळटीप : रॉबिन्सन

१७. रॉबिन्सन : येथे अब्राहम रॉबिन्सन (१९१८–१९७४). लायब्निट्सने कलनात वापरलेल्या अतिसूक्ष्म राशींना त्यांनी १९६०-६१च्या सुमारास गणिती तर्कशास्त्राचा भक्कम पाया दिला. ‘क्ष शून्याहून मोठा, पण १/२, १/३, १/४… या सर्वांहून लहान’ यातल्या कोणत्याही मोजक्या अटी एकत्र पाळणारी संख्या नेहमी सापडते, म्हणून संहतता प्रमेयानुसार सगळ्याच अटी पाळणारा क्ष असलेली विस्तारित संख्याव्यवस्थाही असते. पुढील प्रकरणात प्रोलॉग या संगणकभाषेच्या संदर्भात येणारे जॉन अ‍ॅलन रॉबिन्सन (१९३०–२०१६) वेगळे. ‘अ किंवा ब’ आणि ‘अ नाही’ यांवरून ‘ब’ काढणाऱ्या नियमाचे व्यापक रूप त्यांनी १९६५मध्ये यंत्राने सिद्धता शोधण्यासाठी मांडले.