पाळीचं असह्य दुखणं आणि 'रोबोट'चं ऑपरेशन : गर्भपिशवी काढण्याआधी हे माहीत असू द्या

ग्रामीण प्रतिनिधी : पाळीच्या दिवसांत पोरगी पोट धरून पडली की घरातली मोठी माणसं म्हणतात, "सगळ्यांनाच दुखतं, लग्न झालं की राहील." पण दर महिन्याला शाळा बुडत असेल, कामाला खाडा पडत असेल, गोळी घेऊनही उभं राहता येत नसेल, तर ते साधं दुखणं नाही. त्यामागे एंडोमेट्रिओसिस असू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेनुसार पाळीच्या वयातल्या दर १० बायकांमागे साधारण एकीला हा आजार असतो.

आजार काय आहे?

गर्भपिशवीच्या आत जसं अस्तर असतं, तसलंच अस्तर या आजारात पिशवीच्या बाहेर वाढतं. बीजांडकोशावर, ओटीपोटात, कधी आतड्यावर किंवा लघवीच्या पिशवीवरही. पाळीत तिथंही सूज येते, रक्त येतं, पण त्याला बाहेर पडायला वाट नसते. हळूहळू आतले अवयव एकमेकांना चिकटतात. बीजांडकोशात जुनं रक्त साचून गाठ झाली की डॉक्टर तिला 'चॉकलेट सिस्ट' म्हणतात.

पाळीत शी-लघवीला दुखणं, नवरा-बायकोच्या संबंधात दुखणं, कायम थकवा आणि दिवस न राहणं ही याची लक्षणं. सोनोग्राफीत गाठ दिसते, पण बारीक डाग बऱ्याचदा दिसत नाहीत. त्यामुळं रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून बाई सोंग करते असं समजू नका.

ऑपरेशन कधी?

आधी वेदनाशामक आणि हार्मोनच्या गोळ्या देतात. त्यानं भागलं नाही, गाठ मोठी असली, आतड्याला किंवा लघवीच्या नळीला त्रास झाला किंवा मूल राहत नसलं, तर ऑपरेशनचा विचार होतो.

दुर्बिणीच्या ऑपरेशनात पोट मोठं फाडत नाहीत. पोटात गॅस भरून साधारण अर्धा ते एक सेंटिमीटरच्या तीन-चार छिद्रांतून कॅमेरा आणि अवजारं आत घालतात, डाग आणि गाठी काढतात, चिकटलेलं सोडवतात. पोट फाडण्यापेक्षा दुखणं कमी आणि बाई लवकर घरी येते.

रोबोटिक ऑपरेशन म्हणजे याचाच पुढचा प्रकार. छिद्रं तशीच, पण अवजारं यंत्राच्या हातांत असतात आणि डॉक्टर बाजूला बसून ती चालवतात. आतलं मोठं आणि खोलीसह दिसतं, अवजाराचं टोक मनगटासारखं वळतं. रोबोट आपल्या मनानं काहीच कापत नाही. अमेरिकेत 'दा विंची' यंत्राला स्त्रीरोगाच्या ऑपरेशनसाठी २००५ साली मान्यता मिळाली. भारतातही आता 'एसएसआय मंत्रा' हे यंत्र बनतं.

मग रोबोटच हवा का?

तसं नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात या आजारासाठी साधी दुर्बीण आणि रोबोट यांची तुलना झाली. रक्तस्राव, गुंतागुंत आणि नंतरचा आराम यांत मोठा फरक दिसला नाही. रोबोटचा खर्च मात्र जास्त येतो. आतडं गुंतलेल्या अवघड केसमध्ये काही डॉक्टरांना त्याची मदत होते. पण यंत्रापेक्षा डॉक्टरचा हात महत्त्वाचा. कर्ज काढण्याआधी हे ध्यानात ठेवा.

पिशवी काढून सुटका होते का?

दरवेळी नाही. डाग बाहेर राहिले तर पिशवी काढूनही दुखणं राहू शकतं. कमी वयात दोन्ही बीजांडकोशही काढले तर हाडं लवकर ठिसूळ होतात. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या पिशव्या मोठ्या प्रमाणात काढल्याचं २०१९ साली गाजलं, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. ती वेळ आपल्या घरावर येऊ नये.

डॉक्टरांना हे विचारा

- गोळ्यांनी भागेल का?
- या आजाराची किती ऑपरेशनं तुम्ही केली आहेत?
- साध्या दुर्बिणीनं होईल का? रोबोट कशासाठी?
- पिशवी आणि बीजांडकोश राहतील का? पुढं मूल होईल का?
- आजार परत आला तर काय?

ऑपरेशननंतरही हा आजार परत येऊ शकतो, म्हणून तपासणी चालू ठेवावी लागते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आपलं ऑपरेशन बसतं का, हे योजनेतल्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा. पिशवी काढायला सांगितली आणि जिवाला तातडीचा धोका नसला, तर दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाचं मत घेतल्याशिवाय सही करू नका.