कळ दाबली हे बोटाला कोण सांगतं?

मेकॅनिकल कीबोर्ड घ्यायचा म्हटलं की रंगांवरून वाद सुरू होतात. निळे स्विच, तपकिरी की लाल? पण मंडळी, या वादाच्या मुळाशी एक जुना प्रश्न आहे: कळ दाबली गेली हे बोटाला कळणार कसं?

टाइपरायटरवर हा प्रश्नच नव्हता. कळ दाबली की दांडी उठून कागदावर आपटायची, खट्ट आवाज यायचा, अक्षर समोर उमटायचं. कॉम्प्युटरच्या कीबोर्डात तसं काही आपटत नाही, फक्त सर्किट जोडलं जातं. म्हणजे बोटाला मिळणारा निरोप मुद्दाम तयार करणं आलं.

आयबीएमच्या रिचर्ड हॅरिस यांचं यावरचं पेटंट १९७८ सालचं. कळेखाली एक स्प्रिंग. दाबत गेलं की एका क्षणी ती मधेच वाकते आणि खालची छोटी हातोडी उलटवते. आवाज, बोटाला जाणवणारा झटका आणि सिग्नल, तिन्ही एकाच घटनेतून! १९८१ च्या आयबीएम पीसीचा कीबोर्ड आणि १९८५ चा प्रसिद्ध मॉडेल एम, दोन्ही याच तत्त्वावर चालायचे.

१९८० च्या दशकात आलेल्या चेरी एमएक्सने मात्र या गोष्टी वेगळ्या केल्या. कळ एकूण ४ मिलिमीटर खाली जाते, सिग्नल साधारण २ मिलिमीटरवर जातो. काळ्या आणि २००८ मध्ये आलेल्या लाल स्विचमध्ये निरोपच नाही. दोघांत फरक स्प्रिंगचा, साधारण ६० ग्रॅम विरुद्ध ४५. तपकिरीत एक छोटा उंचवटा लागतो, पण सिग्नल जातो तो उंचवटा ओलांडल्यावर. निळ्यात आतला एक सुटा तुकडा 'टिक' करतो, जवळपास सिग्नलच्याच वेळी. पण सोडताना सर्किट तुटतं ते आणखी वर आल्यावर.

मग १९९० च्या दशकात स्वस्त रबरी घुमटांनी बाजार व्यापला. त्यात सिग्नल जातो जवळजवळ तळाशी, त्यामुळे प्रत्येक कळ शेवटपर्यंत दाबायची सवय लागली. आपली पिढी यावरच टायपिंग शिकली. पुढे चेरीच्या पेटंटची मुदत संपली, गेटरॉन, काइल्ह वगैरे चिनी कंपन्यांचे स्विच आले आणि निवड पुन्हा आपल्या हातात आली.

माझ्या मते म्हणूनच प्रश्न रंगाचा नाही. दिवसाचे आठ-दहा तास आपण टायपिंग करतो. निरोप वेळेवर मिळाला तर बोट तिथेच थांबायला शिकतं. नाही मिळाला तर दर अक्षराला तळावर आपटत राहतं. असो. स्विच घ्याल तेव्हा आधी दाबून बघा, आणि निळे घेणार असाल तर शेजारच्या क्युबिकलवाल्याला एकदा विचारा!