पॅक-मॅन: नावाची पुण्याई

जपानच्या नामको कंपनीने १९८० साली 'पॅक-मॅन' आणला, तेव्हा त्याचा कर्ता तोरू इवातानी होता अवघा २५ वर्षांचा. गेम पार्लरमध्ये सगळे गोळीबाराचे खेळ. तिथे मुली येणार कशा? म्हणून त्याने खाण्याचा खेळ रचला. मागे लागणारी भुते चार, पण प्रत्येकाचे नाव, रंग, चाल निराळी! या नावीन्याने जगाला वेड लावले.

१९८२ मध्ये अटारीने त्याची घरगुती आवृत्ती काढली. नावावर विसंबून लाखो लोकांनी ती घेतली. पण भुते लुकलुकत होती, आवाजही मूळचे नव्हते. ग्राहक हिरमुसले. १९८३ मध्ये अमेरिकेतला व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला, त्याच्या कारणांत हेही एक मानले जाते.

मंडळी, कल्पकतेने नाव मिळते. टिकते मात्र दर्जानेच!