ज्युदो : संरक्षण आणि स्पर्धा

युद्धकला शिकावी ती आत्मसंरक्षणासाठी की स्पर्धेसाठी, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही, हे ज्युदोच्या इतिहासावरून ध्यानी येते.

शरीराने किरकोळ असलेले जिगोरो कानो दांडग्या सोबत्यांच्या जाचाला कंटाळून जुजुत्सूकडे वळले. १८८२ साली टोकियोतील एका मंदिरात त्यांनी कोदोकान ही संस्था स्थापिली. मर्माघातासारखे जिवावर बेतणारे प्रकार त्यांनी मुक्त झुंजीतून वगळले. मात्र टाकून न देता ‘काता’ म्हणजे ठरीव क्रमाच्या अभ्यासात ते जतन केले. या वगळण्यामुळेच शिष्यांना रोज पूर्ण बळानिशी झुंजता येऊ लागले आणि प्रतिकार करणाऱ्याला पाडण्याची सवय अंगी बाणली.

पुढे संरक्षण व स्पर्धा यांच्या वाटा अधिक स्पष्ट झाल्या. १९५६ साली कोदोकानने सुरी, काठी व पिस्तूल यांचाही विचार करणारा २१ प्रकारांचा स्वतंत्र काता सिद्ध केला. १९६४ साली ज्युदो ऑलिंपिकमध्ये आला. २०१३ साली तर उभ्या झुंजीत हाताने पाय धरण्यासही आंतरराष्ट्रीय स्पर्धांत बंदी आली. रस्त्यावरचा हल्लेखोर अशी बंदी पाळत नाही.

परंतु आपला कायदा आत्मसंरक्षणाचा हक्क देतानाच गरजेपुरतेच बळ वापरण्याची मर्यादा घालतो. घातक डाव ठाऊक असणे पुरेसे नाही; हात आवरताही आला पाहिजे, आणि हा आवर नियमबद्ध झुंजीतच अंगवळणी पडतो.

म्हणून शिकू पाहणाऱ्याने दोन गोष्टी आधी विचाराव्या : येथे खरा प्रतिकार करणारा जोडीदार मिळतो काय? आणि स्पर्धेने जे वगळले, ते येथे कोणी शिकवितो काय?