घरपट्टीची हरकत : एका लहानशा हक्काचा इतिहास



आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल, तत्त्वज्ञानाच्या माणसाला घरपट्टीशी काय देणंघेणं? देणं तर आहेच, दर वर्षी भरतो. पण विचार करण्यासारखंही त्यात बरंच आहे. घरपट्टीचं बिल म्हणजे शासनाने तुमच्याविषयी केलेलं एक विधान असतं : तुमच्या घराचं मोल इतकं, म्हणून शहराच्या खर्चातला तुमचा वाटा इतका. आणि विधान म्हटलं, की त्याची कारणं विचारता आली पाहिजेत, ते चुकीचं असेल तर खोडता आलं पाहिजे. ते खोडण्याची सोय म्हणजे हरकत आणि अपील. ही सोय आपल्याकडे कशी आली, आणि ती कुठवर पुरते, एवढंच आज पाहायचं आहे.

सुरुवात बनारसपासून करू. १८१० साली कंपनी सरकारने रेग्युलेशन काढून बंगाल, बिहार, ओरिसा आणि बनारस इथल्या शहरांतल्या घरांवर कर बसवला. राहत्या घराला वार्षिक भाड्याच्या शेकडा ५ आणि दुकानाला शेकडा १०. डिसेंबर संपता संपता बनारसने दुकानं बंद केली. कारागिरांनी काम थांबवलं, होड्या थांबल्या, आणि हजारो माणसं शहराबाहेरच्या मैदानात ठाण मांडून बसली. धरमपाल यांनी या प्रकरणाचे सरकारी कागद शोधून १९७१ साली छापले, म्हणून आपल्याला हे तपशीलवार माहीत आहे.

नुसता बंद पाळून लोक थांबले नाहीत. त्यांनी रीतसर अर्जही केला. त्यातला युक्तिवाद ऐकण्यासारखा आहे. पूर्वीच्या राजांनी जमिनीचा महसूल घेतला, पण वाडवडिलांकडून आलेल्या किंवा विकत घेतलेल्या राहत्या घरावर हक्क सांगितला नाही. पहाऱ्याच्या खर्चासाठी आम्ही फाटकबंदी देतोच. शिवाय स्टँप आहे, जकात आहे. कित्येकांना घराची डागडुजी परवडत नाही, ते कर कुठून देणार? हा अर्ज, भाषा अदबीची नाही असं म्हणून फेटाळला गेला. पण १८१२ साली सरकारला तो कर मागे घ्यावा लागला.

आता इथे एक गोष्ट लक्षात घ्या. बनारसच्या लोकांचं भांडण आकड्याशी नव्हतं. ‘माझं घर शंभराचं, तुम्ही दीडशेचं धरलंत’ असं ते म्हणत नव्हते. घरावर कर असूच नये, हे त्यांचं म्हणणं होतं. ही तक्रारीची पहिली जात.

दुसरी जात पाहायला मुंबईत यावं लागतं. १८६५च्या कायद्याने मुंबईला म्युनिसिपल कमिशनर मिळाला. पहिला कमिशनर आर्थर क्रॉफर्ड. माणूस कर्तबगार. ज्याला आज आपण महात्मा फुले मंडई म्हणतो, ते मार्केट त्याच्याच काळातलं. पण हात सढळ, आणि खर्चावर कोणाचा लगाम नाही. १८७१ साली करदाते उठले. त्यांनी कर नको असं म्हटलं नाही. पैसा आमचा, तर खर्चाचा जाबही आम्हाला हवा, असं म्हटलं. फिरोजशहा मेहतांनी त्या वादात निवडणुकीच्या बाजूने मत मांडलं. १८७२च्या कायद्याने ६४ सदस्यांची महापालिका झाली, आणि त्यातले ३२ सदस्य करदात्यांनी निवडून द्यायचे ठरले. म्हणजे मुंबईच्या नागरिकाला मत मिळालं ते करदाता म्हणून! जे भाडेकरू, जे मजूर, ते बाहेरच राहिले. ती गोष्ट वेगळी, पण विसरण्यासारखी नाही.

तिसरी जात सर्वांत साधी. कर मान्य, कर लावणारे मान्य, फक्त माझा आकडा चुकला आहे. या तक्रारीला पायवाट करून दिली ती १८८८च्या मुंबई महापालिका कायद्याने. घर वर्षाच्या कराराने दिलं तर वाजवीपणे किती भाडं यावं, ते धरायचं, त्यातून दुरुस्तीसाठी शेकडा १० वजा करायचे, आणि उरेल ते करयोग्य मूल्य. ही नोंद आकारणी पुस्तकात होणार. पुस्तक पाहता येणार. नोंद मान्य नसेल तर ठरलेल्या मुदतीत लेखी हरकत घ्यायची. तिची सुनावणी होणार, आणि तिथे समाधान झालं नाही तर लघुवाद न्यायालयात अपील. पुढे राज्यातल्या इतर महापालिकांसाठी १९४९चा कायदा आला, त्यातही साधारण हाच सांगाडा आहे.

आता गंमत बघा. ‘वाजवीपणे किती भाडं यावं’ या चार शब्दांवर पुढची शंभर वर्षं कोर्टात खल झाला. त्यातच भाडेनियंत्रण आलं. मुंबईत १९४७च्या कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४०च्या पातळीला बांधली गेली. मग प्रश्न असा, की मालकाला कायद्याने जेवढं भाडं घेता येतं त्याहून जास्त भाडं धरून पालिकेने कर लावावा का? आंध्रातल्या गुंटूर शहरात करदात्यांची संघटना हा प्रश्न घेऊन भांडली. पालिकेचं म्हणणं होतं, ज्या घराचं भाडं नियंत्रकाने प्रत्यक्ष ठरवून दिलेलं नाही, त्याला ही मर्यादा नाही. १९७० साली सर्वोच्च न्यायालयाने ते अमान्य केलं. भाडं ठरवलेलं असो वा नसो, कायद्याची मर्यादा ती मर्यादाच. १९७९च्या डिसेंबरात दिल्लीच्या खटल्यांत न्यायमूर्ती भगवतींनी तेच सूत्र मालक स्वतः राहतो त्या घरालाही लावलं.

घरमालक जिंकले. पण न्याय झाला का? इथे मला ॲरिस्टॉटलची आठवण होते. त्याने न्यायाचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक वितरणाचा : कोणाच्या वाट्याला किती यावं. दुसरा दुरुस्तीचा : झालेली चूक कशी भरून काढावी. अपील हे दुरुस्तीचं साधन आहे. ते वितरण बदलू शकत नाही. मुंबईत झालं ते असं, की गोठलेल्या भाड्याच्या जुन्या इमारतीला नाममात्र कर आणि शेजारच्या नव्या इमारतीला त्याच्या कित्येक पट. रस्ता तोच, पाणी तेच, कचऱ्याची गाडी तीच. प्रत्येक आकडा कायद्याने बरोबर, आणि सगळे मिळून अन्याय्य! १९८४ साली सर्वोच्च न्यायालयालाच म्हणावं लागलं, की सारख्या सोयी मिळणाऱ्या शेजारशेजारच्या घरांत अशी तफावत असू नये.

म्हणून मग मोजपट्टीच बदलली. मुंबईत १ एप्रिल २०१० पासून भाड्याऐवजी भांडवली मूल्य धरायला सुरुवात झाली. म्हणजे रेडी रेकनरचा दर घ्यायचा आणि त्यात वापर, बांधकामाचा प्रकार, इमारतीचं वय यांचा हिशेब करायचा. हे जास्त समान. पण त्यातही शासनाने हात लांबवलाच. मोकळ्या जमिनीवर उद्या किती बांधता येईल, ते आजच्या मूल्यात धरायचं, असे नियम केले. मालमत्ताधारकांची संघटना न्यायालयात गेली. मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ साली त्यातले २०, २१ आणि २२ हे नियम रद्द केले, आणि २०२२च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. कर आहे त्या मालमत्तेवर, होऊ शकेल त्या मालमत्तेवर नव्हे. तत्त्वज्ञानात आम्ही याला वास्तव आणि शक्यता यांतला भेद म्हणतो. आंब्याच्या कोयीवर आमराईचा कर लावायचा नसतो.

पण हे सगळे मोठे खटले. साध्या माणसाचं काय? १९७५ साली अहमदाबादच्या एका खटल्यात प्रश्न आला होता, की अपिलाआधी वादातला कर भरलाच पाहिजे, ही अट योग्य आहे का? सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. अपिलाचा हक्क कायद्याने दिलेला, तेव्हा अटही कायदा घालू शकतो. तर्क बिनचूक आहे. पण हा उंबरठा गिरणीमालक सहज ओलांडतो. दोन खोल्यांत पेन्शनवर राहणाऱ्या बाईंना तो डोंगर वाटतो. हक्क कागदावर दोघांचा सारखाच.

म्हणून मदत करायची ती उंबरठ्याच्या अलीकडे, हरकतीच्या पायरीवर. तिथे कर आधी भरण्याची अट नाही. आणि इथे आपला तीन जातींचा इतिहास कामाला येतो. बहुतेक हरकती फसतात, कारण माणूस चुकीच्या दाराशी योग्य तक्रार घेऊन उभा असतो. ‘कर परवडत नाही’ ही बनारसची तक्रार. ‘रस्त्यात खड्डे आहेत’ ही १८७१ची. दोन्ही खऱ्या असतील, पण सुनावणीच्या अधिकाऱ्याच्या हातात ना कराचा दर, ना खर्च. तो दर सभागृह ठरवतं, तिथे नगरसेवकाला गाठा. अधिकाऱ्याच्या हातात फक्त नोंद आहे. तेव्हा नोंदच तपासा. क्षेत्रफळ चटई क्षेत्र आहे की बांधीव? घर राहतं असून व्यापारी लिहिलं आहे का? बांधकामाचं वर्ष बरोबर आहे का? त्याच इमारतीत तसंच घर असलेल्या शेजाऱ्याला किती कर आहे? हे एका कागदावर लिहा, पुरावे जोडा, मुदतीच्या आत द्या, आणि पोच घ्या. पोच घ्यायला विसरू नका.

हे करायला वकील लागतोच असं नाही. मोजपट्टी, चष्मा आणि जवळ बसून बिल वाचून दाखवणारा एक माणूस, एवढं बऱ्याचदा पुरतं. तुमच्या सोसायटीत ज्यांना हे जमतं, त्यांनी महिन्यातून एक संध्याकाळ यासाठी काढावी.

एक इशारा मात्र देतो. शेजाऱ्याचा कर कमी दिसला, तर आपला आकडा तिथवर आणा. त्याचा वाढवा असं लिहून देऊ नका. तसं कराल तर हरकत जिंकाल आणि शेजार हराल.

प्रश्न असतील तर जरूर विचारा.